मदत हवी आहे: चर्चमधल्या यजमानांचे आभार कसे मानू?

नमस्कार मंडळी. शिकायला परदेशात आलो तेव्हा पहिले दहा दिवस इथल्या चर्चमधल्या एका वयस्कर जोडप्याने मला घरी ठेवून घेतलं. मी ख्रिस्ती नाही. त्यांनी तसं विचारलंही नाही. भाड्याचा करार समजावून दिला, बँकेत सोबत आले, थंडीचा कोट दिला. त्याच्या खिशात हातमोजे आधीच घालून ठेवले होते. रविवारी प्रार्थनेनंतर खुर्च्या आवरायला शेवटपर्यंत थांबतात तेही हेच दोघं.

आता मी हे शहर सोडतोय. पैशाचं पाकीट पुढे केलं तर काकूंनी हसत परत केलं. काका म्हणाले, बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा 13वा अध्याय वाच. अनोळखी माणसांचा पाहुणचार करताना काहींनी नकळत देवदूतांचं स्वागत केलं, असं तिथे आहे. (देवदूत? मी तर त्यांचं सिंक तुंबवलं होतं!)

त्यांच्या नावाने चर्चच्या दानपेटीत रक्कम टाकली तर चालेल, की ते अवघडतील? की नव्या येणाऱ्या मुलांसाठीच काही करावं? चर्चमध्ये अशी सेवा केलेल्यांनी प्लीज सांगा, तुम्हाला काय आवडलं असतं?