गोमुखाच्या वाटेवर दुपारी ओढे का फुगतात?

प्रश्न: मेअखेरीस गंगोत्रीहून गोमुखला (गंगोत्री हिमनदीचं तोंड, जिथून भागीरथी निघते) जायचंय. ओढे सकाळीच ओलांडा असं सगळे सांगतात. पाऊस नसताना पाणी का वाढतं? आणि भागीरथी इतकी दुधाळ का?

उत्तर १: ऊन. दुपारी बर्फ सर्वांत जास्त वितळतो, पण ते पाणी हिमनदीच्या पोटातल्या वाटांतून खाली यायला वेळ घेतं. म्हणून फुगवटा दुपार कलल्यावर दिसतो, पहाटे पाणी सर्वांत कमी. दुधाळपणा म्हणजे दगडाचं पीठ: सरकणारा बर्फ तळातला खडक दळतो. कण इतके बारीक की लवकर खाली बसत नाहीत आणि फिल्टर तुंबवतात. पाणी रात्रभर भांड्यात निवळू द्या, वरचं अलगद ओतून कापडातून गाळा, मग उकळा.

उत्तर २: गंगोत्री साधारण ३१०० मीटर. तिथून चीडबासा ९, भोजबासा १४, गोमुख १८ किमी. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट नको, विरळ हवेत डोकं धरतं. गंगोत्रीत एक रात्र, भोजबासाला दुसरी. वनखात्याचा परवाना आधी काढा, रोजची संख्या मर्यादित असते. गोमुखाच्या अगदी तोंडाशी मात्र जाऊ नका, बर्फाचे कडे न सांगता कोसळतात.

उत्तर ३: गंगोत्रीतलं सूर्यकुंड (भागीरथीचा धबधबा) चुकवू नका (बहुतेक जण देवळातूनच परततात!). प्रवाहाने कोरलेला गुळगुळीत ग्रॅनाइट तिथे जवळून दिसतो. कठड्याबाहेर पाऊल नको, ओला खडक फार निसरडा.