अडखळतं बोलणं आणि लटपटती चाल जपानीत कशी दाखवायची?

प्रश्न
मराठी कथेतला प्रसंग जपानीत न्यायचाय. चौकशीत पकडला गेलेला माणूस त-त-प-प करतो, मग उठून लटपटत दाराकडे जातो. कोशात 'तादोतादोशिई', 'शिदोरोमोदोरो', 'योरोयोरो', 'फुराफुरा' असे ढीगभर शब्द आहेत. कुठला कुठे? आणि संवादात अडखळणं लिहितात कसं?

प्रतिसाद १
आधी कारण बघा. खोटं उघडं पडल्यावर उत्तरांचा ताळमेळ सुटतो, ते 'शिदोरोमोदोरो'. तुमचा प्रसंग हाच. त्याला 'सुरु' (करणं) हे क्रियापद जोडू नका, 'शिदोरोमोदोरो नि नारु' (तसं होणं) म्हणतात. 'तादोतादोशिई' सराव नसल्याचं विशेषण आहे: नवशिक्याचं वाचन, नुकती शिकलेली भाषा. इथे ते घातलंत तर माणूस घाबरलेला नाही, परदेशी वाटेल. नुसता क्षणभर चाचरला असेल तर 'कुचिगोमोरु' हे क्रियापद पुरे.

प्रतिसाद २
चालीचं: पायांतलं बळ गेलं तर 'योरोयोरो', डोकं गरगरत असेल तर 'फुराफुरा'. म्हणजे जखमी माणूस योरोयोरो; ताप, भूक किंवा जागरण झालेला फुराफुरा. फुराफुराला निरुद्देश भटकण्याचीही छटा आहे, म्हणून जपून. तान्ह्याची पहिली पावलं 'योचियोची', दारुड्याच्या झोकांड्या 'चिदोरिआशी' (चिदोरी हा काठावरचा पक्षी, आशी म्हणजे पाय). 'गुरागुरा' हलणाऱ्या दाताला नि टेबलाला, चालीला नको.
एक गोष्ट हमखास चुकते. द्विरुक्ती म्हणजे क्रिया चालूच आहे. तोल एकदाच गेला असेल तर 'योरोत्तो'.

प्रतिसाद ३
संवादात पहिलं अक्षर, स्वल्पविराम, मग पूर्ण शब्द: 'वा, वाताशि वा……' ('मी, मी तर……'). 'व्-व्' असं तोडू नका. 'न' सोडला तर काना या जपानी अक्षरलिपीत सुटं व्यंजन नाही. तीन टिंबांचं चिन्ह दोनदा, म्हणजे सहा टिंबं, असा छापील संकेत आहे.
अडखळताना भरीला येणाऱ्या शब्दांपैकी 'एत्तो' आठवताना किंवा हिशेब करताना येतं, 'आनो' समोरच्यापुढे शब्द जुळवताना. मनातल्या मनात 12 ला 7 ने गुणताना 'आनो' विचित्र वाटतं. तेव्हा तारीख आठवताना 'एत्तो', सबब सांगताना 'आनो' किंवा 'सोनो'. प्रत्येक वाक्यात मात्र नको, वाचक वैतागतो.

प्रश्नकर्ता
छान. 'योरोयोरो'पुढे 'तो' हा जपानी प्रत्यय लागतोच का?

प्रतिसाद २
लागतोच असं नाही. निवेदनात 'योरोयोरो तो ताचिआगारु' (लटपटत उठणं) शोभतं, बोलण्यात 'तो' गळतो. 'नि' मात्र वेगळा: 'फुराफुरा नि नारु' म्हणजे तशी अवस्था होणं. मोठ्याने वाचणार असाल तर स्वरही बदलतो. क्रियाविशेषण असताना 'फु' उंच आणि पुढे उतार, 'फुराफुरा दा' ('दा' म्हणजे 'आहे') मध्ये शब्दात उतार नाही.