१९७५ ची पद्मिनी, इंजिन १९९४ चं. पीयूसी कोणत्या सालाच्या नियमानं होणार?

पद्मिनी_७५ (विजापूर रोड, सोलापूर)

नमस्कार. गाडी माझ्या वडिलांची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दादांनी (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) १९८६ साली एका डॉक्टरांकडून ही प्रीमियर पद्मिनी घेतली. पहिलं रजिस्ट्रेशन फेब्रुवारी १९७५ चं. पांढरी, गिअर स्टिअरिंगपाशी. महिन्यातला एक गुरुवार अक्कलकोटचा ठरलेला असायचा. मागे आम्ही तिघं भावंडं आणि आजी, आजीच्या मांडीवर दशम्या आणि शेंगाचटणीचा डबा. तो गुरुवार मला अजून चालू ठेवायचा आहे. गाडी विकायची नाही आणि भंगारात तर नाहीच नाही.

चार वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, मोहोळच्या अलीकडे रेडिएटरचा होज फाटला. दादांच्या लक्षात येईपर्यंत इंजिन इतकं तापलं की हेड वाकलं आणि ब्लॉकला तडा गेला. मग त्यांनी एका गॅरेजवाल्याकडून भंगारात निघालेल्या १९९४ च्या पद्मिनीचं अख्खं इंजिन घेऊन बसवलं. आरसीवर मात्र जुन्या इंजिनाचाच नंबर राहिला. गेल्या वर्षी दादा गेले. गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे, पासिंग पुढच्या वर्षी संपतंय.

आठ महिने उभी असलेली गाडी गेल्या आठवड्यात चालू करून पीयूसीला नेली. धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ५.१ टक्के आणि एचसी (न जळालेलं इंधन) १,८४० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत इतके भाग, आलं. नापास. मशीनवरचा मुलगा म्हणाला, "इंजिन बदललंय ना, मग इंजिनाच्या सालाचा नियम लागणार, ही गाडी कधीच पास व्हायची नाही." भाच्याने कुठला तरी अमेरिकेतला व्हिडिओ पाहिलाय, तोही तेच म्हणतो.

नक्की नियम काय आहे? आणि गाडीला ५० वर्षं होऊन गेलीत, तर व्हिंटेजचा नंबर घेऊन यातून सुटता येईल का?

होटगीरोडकर

व्हिंटेजच करून टाका. जुलै २०२१ मध्ये केंद्राचा नियम आलाय. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्याने नोंदवायची तर फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतर नूतनीकरणाला ५,०००. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुनाच नंबर ठेवता येतो. तुमची गाडी १९७५ ची आहे, म्हणजे बसायला हरकत नाही.

अण्णा_फिटर (अक्कलकोट रोड)

ताई, आधी जीव खाली ठेवा. गाडी पास होणार.

मी ३४ वर्षं फियाट-पद्मिनीच उघडतोय. तुम्हाला जे सांगितलंय त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्यात. धूर ही एक गोष्ट आणि कागद ही दुसरी.

धुराचं सांगतो. पीयूसीची मर्यादा गाडी कोणत्या टप्प्यातली आहे त्यावर ठरते. भारत स्टेज म्हणजे नव्या गाड्यांच्या धुराचे सरकारी टप्पे. स्टेज दोनच्या आधीची पेट्रोल चारचाकी असेल तर आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) सीओ ३ टक्के आणि एचसी १,५०० पीपीएम. स्टेज दोनपासून पुढे ०.५ आणि ७५०. स्टेज चारला ०.३ आणि २००. आता तुम्हीच बघा, गाडी १९७५ ची आणि इंजिन १९९४ चं. भारत स्टेजची भानगड २००० सालापासूनची. दोन्ही त्याच्या आधीचे! गाडीचं साल धरा नाहीतर इंजिनाचं धरा, आकडा तोच येतो, ३ आणि १,५००. चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर साफ करणारा डबा) सक्तीचा झाला तो १९९५ साली, म्हणजे तुमच्या इंजिनाला तोही कधी नव्हता. त्या पोराला म्हणावं, पडद्यावर गाडीचं साल आणि इंधन सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरून काय आलंय ते वाच.

तुमच्या आकड्यांवरून दोन रोग दिसतात. सीओ ५ च्या वर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. एचसी १,८०० म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, कुठला तरी प्लग मिसिंग करतोय. आठ महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हे व्हायचंच. प्लग काढून बघा. टोक बिस्किटासारखं तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. काजळी धरून मखमलीसारखं काळं झालं असेल तर चोक (थंड इंजिन चालू करताना हवा अडवणारी पट्टी), फ्लोटची नीडल आणि एअर फिल्टर हे तिन्ही तपासा. सोलेक्स कार्ब्युरेटर आहे, जेट तारेनं खरवडू नका, भोक मोठं झालं की परत कधी ट्यूनिंग बसत नाही. हवेच्या प्रेशरनं साफ करा. मग टॅपेट, पॉइंटचा गॅप, टायमिंग, आणि सगळ्यात शेवटी मिक्श्चरचा स्क्रू. हा क्रम सोडू नका.

पेट्रोलचंही बघा. टाकीत आठ महिन्यांचं जुनं असेल तर काढून टाका. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने, इथेनॉल घरचंच म्हणा. उसाला भाव मिळतो याचा मलाही आनंद आहे. पण पद्मिनीचे रबरी होज आणि पेट्रोल पंपाचा पडदा हे त्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, चिरतात. ते आजच बदला, गळती झाली तर आगीचा धोका आहे.

एक काम मात्र करू नका. काही जण तपासणीपुरता स्क्रू आवळून पेट्रोल कमी करतात, आकडा येतो, कागद मिळतो आणि सात रस्ता चौकापर्यंत गाडी तीनदा बंद पडते. अशी पेट्रोलनं उपाशी गाडी उन्हाळ्यात तापते. एकदा ब्लॉक गमावलाय तुम्ही. पीयूसीला जाताना गाडी पाच-सात किलोमीटर पळवून गरम करून न्या, थंड इंजिनावर आकडा वरच येतो. तुमच्यासारख्या गाडीचं पीयूसी सहा महिन्यांचं असतं, तारीख लिहून ठेवा. ते नसताना पकडलं तर कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

व्हिंटेजबद्दल होटगीरोडकरांनी फी आणि मुदत बरोबर सांगितली, पण अर्धंच. ती गाडी मूळ स्वरूपात लागते, चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार झालेला चालत नाही. आणि ती रोज रस्त्यावर वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, तिथली ये-जा, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच. तुमचा अक्कलकोटचा गुरुवार त्यात बसत नाही ताई. मग २०,००० कशाला घालवायचे?

आता कागदाचं. खरी अडचण ही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा, इंजिन बदललं की १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि आरसीवर नोंद करून घ्यायची असते. तुमची चार वर्षं गेली. सुदैवानं इंजिन त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं, १,०८९ सीसीच. इंधन बदललं नाही, सीसी बदलली नाही, फक्त नंबर बदलायचाय. माझ्याकडे बार्शीची एक जीप आली होती, मूळ पेट्रोल, मालकानं त्यात प्यूजोचं डिझेल इंजिन घातलेलं. तिथं आरसीवरचं इंधनच खोटं ठरत होतं, आणि पीयूसीसुद्धा सीओ-एचसी मोजणाऱ्या मशीनचं नाही, स्मोक मीटरचं लागतं, जुन्या डिझेलला ६५ हार्ट्रिजची (धुराच्या काळेपणाचं माप) मर्यादा. त्या माणसाचं वर्ष गेलं. तुमचं तसं नाही.

पण क्रम चुकवू नका. आधी गाडी तुमच्या नावावर घ्या. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ आहे, मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असा नियम आहे. उशीर झालाय, तरी आधी तेच. बाकीच्या वारसांची संमती लिहून घ्या. मग इंजिनाची नोंद, मग पासिंग. पासिंगला चेसिस आणि इंजिन दोन्ही नंबर बघतात, तिथं गेल्यावर जुळलं नाही तर परत यावं लागेल. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये झालीय, पर्यावरण कर वेगळा. तेवढी तयारी ठेवा. आणि विम्याच्या कागदावर कोणता इंजिन नंबर आहे ते आजच बघा. उद्या काही झालं तर क्लेम तिथंच अडतो.

सोलापूर_ते_सॅनहोजे

भाच्याने पाहिलेला व्हिडिओ कॅलिफोर्नियाचा असणार. मी शाळेपर्यंत सोलापूरच्या बाळ्यात वाढलो, आता इथे असतो, आणि माझ्याकडे १९८२ ची एक टोयोटा आहे म्हणून हे सगळं भोगलंय. इथे इंजिन बदलायचं तर ते गाडीच्याच वर्षाचं किंवा त्याहून नवं लागतं, त्याच वर्गातल्या गाडीचं लागतं, आणि त्या इंजिनासोबत मुळात आलेली प्रदूषण नियंत्रणाची सगळी उपकरणं जशीच्या तशी बसवावी लागतात. मग रेफरी नावाचा अधिकृत तपासनीस गाडी तपासतो आणि लेबल लावतो. पुढच्या तपासण्या त्याप्रमाणे होतात. "इंजिनाच्या सालाचा नियम" तो हा. भारताशी त्याचा संबंध नाही.

आणि भाच्याला हेही सांगा की इथे १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक (इथली धूर तपासणी) लागतच नाही. दादांची पद्मिनी इथे असती तर तपासणीच नव्हती.

पद्मिनी_७५

अण्णा, तुमचं उत्तर मी छापून भावाला वाचून दाखवलं. काल रविवारी आमच्याच गल्लीतल्या मिस्त्रींना बोलावून तुमच्या क्रमानं सगळं केलं.

चोकची केबल गंजून अडकली होती. आत बटण पूर्ण दाबलेलं, पण कार्ब्युरेटरवरची पट्टी अर्धी बंदच. चारपैकी तीन प्लग तुम्ही म्हणालात तसे मखमलीसारखे काळे, चौथा ओला. पंपाचा पडदा बोटानं दाबला तर कडेनं चिरला. एअर फिल्टरचं झाकण उघडलं तेव्हा आतल्या बाजूला पेन्सिलनं तारखा लिहिलेल्या दिसल्या, दादांच्या अक्षरात, फिल्टर साफ केल्याच्या. शेवटची गेल्या वर्षीच्या पाडव्याची. मिस्त्रींनी काही न विचारता खाली कालची तारीख घालायला पेन्सिल माझ्या हातात दिली.

आज सकाळी हैदराबाद रोडनं एक चक्कर मारून गाडी गरम केली आणि दुसऱ्या पीयूसी केंद्रावर नेली. सीओ २.२, एचसी ६९०. पास. आयडलिंगलाही बंद पडत नाही.

आता फॉर्म ३१. भाऊ आणि बहीण दोघांची संमती आहे. एकच अडचण, इंजिन घेतल्याचं बिल सापडलं, पण त्यावर नुसतं "जुने इंजिन १ नग" लिहिलंय. नंबर नाही.

अण्णा_फिटर

आकडे बघून बरं वाटलं.

त्या बिलावर काम होणार नाही. गॅरेजवाला अजून धंद्यात असेल तर त्याच्याकडून लेटरहेडवर लिहून घ्या, इंजिन नंबर, तारीख, आणि ज्या गाडीतून काढलं तिचा रजिस्ट्रेशन नंबर. त्या गाडीची आरसी रद्द झाल्याचा कागद मिळाला तर फारच चांगलं. इंजिन चोरीच्या गाडीचं नाही एवढं आरटीओला कळायला हवं. ब्लॉकवरचा नंबर वायर ब्रशनं साफ करून आधी स्वतः वाचा, फोटो काढा, पेन्सिल घासून कागदावर छाप घ्या. या इंजिनावर तेलाचा थर बसला की ३ आणि ८ सारखेच दिसतात.