मदत हवी आहे : घरी बोलका, वर्गात अबोल

गोव्यातील फोंडा तालुक्यात राहणाऱ्या माझ्या तेरा वर्षांच्या मुलाविषयी मानसशास्त्राच्या जाणकारांचा सल्ला हवा आहे. वर्गात तो तोंड उघडत नाही, म्हणून शाळेतून ‘अंतर्मुख स्वभाव’ असा शेरा आला. मात्र चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली, आरती सुरू झाली, की हाच मुलगा घुमट हे मातीचे तालवाद्य मांडीवर घेऊन वीस-पंचवीस माणसांपुढे ताल धरतो, आणि साथीचे शामेळ (ढोलकीसारखे वाद्य) वाजवणारा चुकला तर वडीलधाऱ्यांनाही मान हलवून थांबवतो. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर संकोचाचा लवलेशही नसतो.

अंतर्मुख-बहिर्मुख ही मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी 1921 मध्ये मांडलेली विभागणी मला ठाऊक आहे. परंतु मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी 1968 मध्ये दाखवले, की गुणविशेषांच्या चाचण्या आणि विशिष्ट प्रसंगातील वर्तन यांतील सहसंबंध (1 म्हणजे पूर्ण मेळ, 0 म्हणजे काहीच मेळ नाही) सहसा 0.30 च्या वर जात नाही. पुढे 1995 मध्ये त्यांनी सहसंशोधक युइची शोडा यांच्यासह ‘असा प्रसंग असेल, तर असे वर्तन’ हा प्रत्येकाचा स्थिर नमुनाच व्यक्तिमत्त्वाची ओळख मानला. मला हे अधिक पटते.

तेव्हा वर्गातील नेमका कोणता प्रसंग त्याला गप्प करतो, हे शोधण्यासाठी मी महिनाभर कोणत्या नोंदी ठेवाव्यात, आणि त्याला आपण तपासले जात आहोत असे न वाटता त्या कशा घ्याव्यात? शिक्षकांशी हा विषय कोणत्या शब्दांत काढावा, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. तो शेरा त्याने वाचला आहे, आणि आता तो स्वतःच ‘मी तसाच आहे’ असे म्हणू लागला आहे.