रत्नागिरी: आईला थिबा राजवाडा दाखवायचाय, सल्ला द्या

काजूगर: येत्या सोमवारी एकच दिवस रत्नागिरीत आहोत. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिने नकोत. रिक्षा, तिकीट, जेवण सगळं हजारात बसवायचंय. जमेल का?

पनवेलकर: सोमवारी राजवाड्यातलं म्युझियम बंद असतं!! आम्ही रात्रभर गाडी हाकत गेलो नि गेटला कुलूप, पोरं गजांतून मोबाईल घालून फोटो काढत बसली आणि बायको अजून ऐकवते. मंगळवारी जा.

भटक्या_७७: स्टेशन गावाबाहेर आहे, रिक्षाच्या नादी लागू नका, सरळ दिवसभराची एसी गाडी करा, आरे-वारेवरून गणपतीपुळे पण होतं. आम्ही साडेतीन हजार दिले, पैसे वसूल.

काजूगर: दादा, हजार म्हटलंय मी.

भटक्या_७७: अहो पण आईसाठीच सांगतोय ना.

चिरेबंदी: संगमरवरी फरशीचा नाचाचा हॉल पहिल्या मजल्यावर आहे, म्हणजे जिना आलाच. पण कोरीव लाकडाच्या अर्धगोल खिडक्या खालूनच छान दिसतात, आणि ब्रह्मदेशच्या थिबा राजाने बरोबर आणलेली बुद्धाची मूर्ती मागच्या बाजूला आहे.

माजघर: राजाने बांधला असं आईला सांगू नका हं, इंग्रजांनी बांधून दिला. 1885 ला ब्रह्मदेश घेतला, राजाला उचलून इकडे आणून ठेवला, वाडा झाला 1910 ला आणि 1916 ला तो गेलाच. जेमतेम सहा वर्षं राहिला बिचारा.

खाडीकाठ: बिचारा कसला, फुकटचा वाडा मिळाला. आमच्या घराला अजून पत्रे आहेत.

माजघर: कैदेत होता हो तो!

पनवेलकर: परत सांगतो, सोमवारी बंद.

खाडीकाठ: थिबा पॉइंटला जा त्यापेक्षा, भाट्याची खाडी दिसते, तिकीट नाही. आणि जेवायला सुरमई थाळीच घ्या, बांगडा घेऊ नका, मला मागे काटा लागला होता.

चिरेबंदी: राजाचं थडगं शिवाजीनगरात आहे तेही बघा. राणी 1919 ला रंगूनला परत गेली, तो इथेच राहिला.

काजूगर: थँक्यू सगळ्यांना. मंगळवारी पहाटेच निघायचंय, म्हणून सोमवारीच जातोय, रिक्षानेच. आई म्हणते वर चढायचंच नाही तर बंद काय नि उघडं काय, गेटातून खिडक्या बघू आणि मग थडग्यावर फुलं ठेवून येऊ. आणि ती बांगडाच खाणार आहे.

पनवेलकर: मग विचारलंत कशाला?