मदत हवी आहे: १/१० क्रॉलरची घरगुती चॅसी, ६०६१ ॲल्युमिनियम वाकवताना तडकतंय

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या खाणीतल्या काळ्या दगडांवर माझा १/१० क्रॉलर (दगडांवर चढणारी, खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची रिमोटची गाडी) चढावर हमखास मागे उलटतो. बॅटरी मागच्या बाजूला आणि उंचावर आहे, हे त्याचं मुख्य कारण. तयार चॅसीत ती पुढच्या एक्सलवर आणायला जागाच नाही, म्हणून चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, स्वतः बनवायला घेतली. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) ३१३ मिमी, मागे चार लिंक (एक्सल चॅसीला जोडणाऱ्या दांड्या), पुढे तीन लिंक आणि पॅनहार्ड रॉड (एक्सल आडवा सरकू न देणारी दांडी). पॅनहार्ड स्टिअरिंगच्या ड्रॅग लिंकला (स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांडीला) समांतर आणि जवळजवळ तेवढ्याच लांबीचा ठेवलाय, त्यामुळे शॉक दबला तरी चाकं आपोआप वळत नाहीत. हे सगळं पुठ्ठ्यावर करून पाहिलंय, तिथे अडचण नाही.

अडलंय ते दोन उभ्या रेल्सपाशी. सी चॅनेलचा आकार आहे: उंची २५ मिमी, वरखाली १० मिमीच्या कडा, लांबी ४०० मिमी. २ मिमी ६०६१-टी६ (उष्णता देऊन कडक केलेलं ॲल्युमिनियम) चा पत्रा लेझरवर कापून घेतला आणि भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये वाकवायला दिला. पहिली रेल बाहेरच्या बाजूने सरळ तडकली. दुसरी वरून बरी दिसते, पण नख फिरवलं की बारीक चीर लागते. मशीनवरच्या दादांनी आधीच सांगितलं होतं, "हे वाकायचं मटेरियल नाही." मी ऐकलं नाही, त्याचं वाईट वाटतंय. बर्नरने तापवून वाकवता आलं असतं, पण मग टी६ ची ताकदच जाते.

नंतर त्याच ड्रॉइंगवर २ मिमी एमएसच्या (माइल्ड स्टील, साधं पोलाद) रेल्स केल्या. वाकल्या सुरेख! पण जोडीचं वजन ५०० ग्रॅमच्या आसपास, ॲल्युमिनियमची जोडी १७० ग्रॅमची. क्रॉलरला वजन चालतं, पण ते चाकांत आणि एक्सलमध्ये असावं. रेल्स त्याच्या बऱ्याच वर असतात, तिथलं वजन गाडी उलटवायलाच मदत करणार.

जाणकारांना विचारायचंय: ५०५२ (वाकायला सोपं ॲल्युमिनियम) घेऊन पुन्हा वाकवू, की वाकवणं सोडून ३ मिमीच्या सपाट पट्ट्या मधल्या आडव्या दांड्यांनी जोडू? आणि एमएसची चॅसी काचेवर ठेवली तर एक कोपरा दीड मिमी वर राहतो, तो पीळ कसा काढायचा?

प्रतिसाद:
५०५२-एच३२ घ्या, वाकवायला तेच चांगलं. आतली त्रिज्या किमान २ मिमी सांगा आणि वाकवायची रेघ पत्र्याच्या रोलिंगच्या दिशेला आडवी येईल असं कापून घ्या. तुमची १० मिमीची कड फार तोकडी आहे. २ मिमी पत्र्याला १६ मिमीचा व्ही डाय (वाकवायच्या मशीनचा व्ही आकाराच्या खाचेचा साचा) लावला तर कड डायच्या काठावर टेकतच नाही, आत घसरते. १२ ते १३ मिमी करा. बेंडजवळची होलं लांबट होतात, ती बेंडपासून ७-८ मिमी लांब ठेवा.

पीळ बहुतेक घट्ट करण्याच्या क्रमामुळे आलाय. सगळे एम३ बोल्ट सैल करा, चॅसी काचेवर ठेवून वर वजन द्या, आधी मधली स्किड प्लेट (गाडीच्या पोटाखालची संरक्षक पट्टी) आवळा, मग दोन्ही टोकं, कोपरे आलटून पालटून. तरीही कोपरा उचलला तर रेल वाकवतानाच पिळली आहे, मग बोल्टांनी काही होणार नाही.

धागाकर्ता:
मनापासून आभार दादा. आत्ताच बोल्ट सैल करून पाहिलं, दीड मिमीचा अर्धा मिमी झाला. होलं ३.२ मिमीची होती म्हणून सरकायला जागा मिळाली. रोलिंगची दिशा कापलेल्या तुकड्यावर कशी ओळखायची? पत्र्यावर लांबीच्या दिशेने बारीक रेषा दिसतात, त्याच का?

प्रतिसाद:
हो, त्याच. लेझरला देण्याआधी मार्करने बाण काढून ठेवा. वाकवायच्या रेघा त्या बाणाला काटकोनात यायला हव्यात.