चौघांच्या टेबलावर गोब्लिनची धाड की किल्ल्यात दबा?

फोंड्याचा निळा-पांढरा
रविवारी आम्ही चौघे फोंड्यात मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचा कमांडर हा प्रकार खेळलो. त्यात प्रत्येकाच्या डेकला, म्हणजे गड्डीला, एक म्होरक्या असतो. तीन डाव झाले, तिन्ही वेळा क्रेंको म्होरक्या असलेला गोब्लिनचा (बुटक्या राक्षसांचा) डेक सगळ्यांत आधी बाहेर. माझं मत पक्कं झालंय: चौघांत धाड घालणारा डेक टिकत नाही. साधा हिशेब आहे. नेहमीच्या दोघांच्या खेळात समोर 20 लाइफचा एकच गडी असतो. इथे प्रत्येकाला 40, म्हणजे तिघांचे मिळून 120. तू पहिल्याला 15 वर आणेपर्यंत बाकीचे दोघे निवांत लँड (माना, म्हणजे कार्डं खेळायची शक्ती, देणारे पत्ते) टाकत, कार्डं ओढत बसलेले. आणि ज्याला झोडपलंस तो उरलेला डाव तुझ्यावरच राग काढणार. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ; इथे तर चौथ्याचाही.

माझा डेक किल्ल्याचा. मी प्रोपगंडा आणि घोस्टली प्रिझन ही कार्डं लावतो, दोन्ही तीन-तीन मानाची. माझ्यावर हल्ल्याला येणाऱ्या प्रत्येक क्रीचरमागे (लढणाऱ्या प्राण्यामागे) 2 माना भरा. दोन्ही असतील तर 4. दहा गोब्लिन घेऊन कोण येईल? ते शेजाऱ्याकडे वळतात. मग सगळी क्रीचर मारणारं चार मानाचं रॅथ ऑफ गॉड. माझं एक कार्ड गेलं, टेबल साफ.

म्हापशाचा गोब्लिन
तो क्रेंको माझाच. हरलो हे खरं, पण तुझा निष्कर्ष चुकतोय दादा. गोब्लिन डेक म्हणजे नुसता हल्ला असं तू धरून चाललायस.

क्रेंको चौथ्या टर्नला उतरला की पाचव्यापासून दर टर्नला टॅप, म्हणजे कार्ड आडवं करून त्याची ताकद वापरायची: जितके गोब्लिन तितके नवे. 2, 4, 8, आणि आठव्या टर्नला 16. इम्पॅक्ट ट्रेमर्स हे कार्ड आधीच बोर्डवर असेल तर माझं प्रत्येक क्रीचर उतरताना तिघांनाही 1 डॅमेज. क्रेंको धरून आठव्या टर्नपर्यंत तिघांना 16-16, एकही हल्ला न करता. इथे तुझ्या प्रोपगंडाची भिंत कुठे आडवी येते? हे डॅमेज एकेकाला नाही, तिघांना एकदम लागतं, म्हणजे तुझा 120 चा हिशेबही कोसळला.

रॅथचंही ऐक. गोब्लिन बॉम्बार्डमेंट दोन मानाचं. एक क्रीचर बळी दिलं की कुणालाही 1 डॅमेज. तू रॅथ टाकलंस की त्याला उत्तर म्हणून सगळे सोळा बळी देईन, सोळाच्या सोळा तुझ्यावर. रविवारी दोन डावांत ते हातात आलंच नाही.

डिचोलीकर
मग झुलापोर्ट कटथ्रोटही घाल की. तुझं क्रीचर मेलं की तिघांचं 1-1 लाइफ जातं.

म्हापशाचा गोब्लिन
ते काळं. क्रेंको लाल, कलर आयडेंटिटीत, म्हणजे म्होरक्याच्या रंगांच्या मर्यादेत, बसत नाही.

मडगाववाली
चौथी मी होते. तुम्ही दोघेही आपापल्या डेकचाच हिशेब करताय, टेबलाचा नाही.

चतुर्थीला रात्री जागवायला आपण मेंढीकोट खेळतो, तिथे भिडू ठरलेला असतो. कमांडरमध्ये तो दर टर्नला बदलतो, आणि मला हा खेळ आवडतो तो त्याचसाठी. मी एक कार्ड घालवून तुझं एक कार्ड उडवलं तर आपण दोघे एकेक कार्डाने मागे पडलो. उरलेले दोघे फुकटात पुढे. म्हणून रिमूव्हल, म्हणजे दुसऱ्याचं कार्ड उडवणारं कार्ड, कुणावर टाकायचं हा निर्णय डेक बांधण्याइतकाच मोठा. रविवारी दुसऱ्या डावात आम्ही तिघांनी क्रेंकोवर तीन रिमूव्हल खर्च केली आणि किल्ल्याला हात लावला नाही. चूक आमची होती, गोब्लिनची नाही.

किल्ल्याबद्दल माझी खरी तक्रार आहे. सगळेच दबा धरून बसले तर कुणी हल्ला का करावा? तिसरा डाव अडीच तास चालला आणि मला मडगावची शेवटची बस पकडायला मधूनच उठावं लागलं. त्यापेक्षा 2016 मध्ये आलेला मोनार्क, म्हणजे टेबलावर एकालाच मिळणारा राजाचा मान, देणारी कार्डं दोघेही डेकमध्ये घाला. मोनार्कला टर्नच्या शेवटी जादा कार्ड मिळतं, आणि ज्याचं क्रीचर हल्ल्यात त्याला डॅमेज करतं तो नवा मोनार्क. हल्ल्याला मोबदला मिळाला की लोक हात बांधून बसत नाहीत.

आणि पावसाळा संपेपर्यंत फॉइल (चकाकत्या थराची) कार्डं कुणी आणू नका. या दमट हवेत ती वाकतात, मग स्लीव्हमधूनही (प्लास्टिकच्या पाकिटातूनही) ओळखू येतात. तो खेळ प्रामाणिक राहत नाही.

फोंड्याचा निळा-पांढरा
फॉइल काढतो. मोनार्क मात्र नको. माझ्याकडे क्रीचर मोजकी, एकदा गेला की परत आणणार कशाने? बॉम्बार्डमेंट पटलं. एकदा उतरलं की माझ्या काउंटरस्पेलला (टाकलं जाणारं कार्ड रद्द करणाऱ्या कार्डाला) त्याचे बळी थांबवता येत नाहीत. म्हणून ते टाकतानाच काउंटर करीन. त्यासाठी दोन निळे माना कायम उघडे ठेवीन.

म्हापशाचा गोब्लिन
ठेव. दोन लँड अडकवून बसलास की तिसऱ्या टर्नला प्रोपगंडा येत नाही. मला तेवढीच फट पुरे.